मेलबर्नच्या किराणा दुकानदाराचे तांब्याचे टोकन: नाव झिजले आहे, ओळख पटवण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार. एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियातील दुकानदारांनी मोड म्हणून चलनात आणलेल्या तांब्याच्या टोकनांपैकी एक माझ्याकडे आले आहे. ते कोणत्या दुकानाचे आहे हे ठरवण्यासाठी मला जाणकारांची मदत हवी आहे. मेलबर्नमधील एका घरातल्या जुन्या वस्तूंच्या विक्रीत मी ते घेतले. त्याच्या एका बाजूला ढाल आणि तिच्या दोन्ही अंगांना कांगारू व एमू आहेत. दुसऱ्या बाजूला कडेने फिरणाऱ्या मजकुरात ‘मेलबर्न’ आणि ‘ग्रोसर’ हे शब्द वाचता येतात, मात्र मालकाच्या नावाची जागा सपाट झाली आहे. साल कुठेही दिसत नाही. व्यास ३४ मिलिमीटर आणि वजन १४ ग्रॅमच्या थोडे वर आहे.

काळाविषयी मी असा विचार केला आहे. ऑस्ट्रेलियातील पहिले टोकन मेलबर्नच्या अ‍ॅनंड, स्मिथ अँड कंपनी या किराणा पेढीने १८४९ मध्ये काढल्याचे मानले जाते, आणि मेलबर्न ज्या वसाहतीत होते त्या व्हिक्टोरियाने १८६३ मध्ये टोकनांवर बंदी घातली (न्यू साउथ वेल्समध्ये ती १८६८ मध्ये आली). म्हणजे हे टोकन या चौदा वर्षांतलेच असले पाहिजे. ब्रिटनची तांब्याची पेनी साधारण ३४ मिलिमीटर व्यासाची आणि १८.८ ग्रॅम वजनाची होती, तर १८६० पासून आलेली ब्राँझची पेनी ३१ मिलिमीटर आणि ९.४ ग्रॅमची झाली. माझ्या टोकनाचा आकार जुन्या पेनीचा आहे, म्हणून ते १८६० च्या आधीचे असावे असे मला वाटते. पण साचे तयार करणाऱ्यांनी नवी पेनी आल्याबरोबर आपले माप बदलले असेलच असे नाही, त्यामुळे यावर जाणकारांचे मत हवे आहे. वजनातली तूट मला फार बोलकी वाटते, कारण पेनीच्या किमतीला दिलेल्या टोकनात धातू कमी घातला की तेवढा फायदा दुकानदाराच्या पदरात पडत असे.

लोकांनी तरीही ही टोकने घेतली, कारण त्यांच्यापुढे दुसरा मार्ग फारसा नव्हता. मोड नसणे ही त्या वसाहतींची मुळापासूनची अडचण होती. १८०० मध्ये गव्हर्नर किंग यांनी सिडनीत मिळेल त्या परदेशी नाण्याला अधिकृत भाव ठरवून दिला, तेव्हा त्या यादीत आपला रुपयाही होता आणि त्याचा भाव अडीच शिलिंग होता. १८५१ मध्ये सोने सापडल्यावर माणसांची रीघ लागली, तरी १८५५ मध्ये उघडलेल्या सिडनीच्या टांकसाळीत केवळ सोन्याचीच नाणी पडत होती. मजुरी सोन्यात मोजता येत असे, पण पावशेर साखरेचे पैसे सोन्यात कसे द्यायचे? ऑस्ट्रेलियाची स्वतःची ब्राँझची पेनी थेट १९११ मध्ये आली.

आता मुख्य अडचण सांगतो. टोकने पाडणारे कारागीर मागच्या बाजूसाठी तेच ते साचे अनेक गिऱ्हाइकांना वापरत, त्यामुळे कांगारू-एमूच्या चित्रावरून दुकान ओळखता येत नाही, फार तर कारागिराचा माग लागतो. मेलबर्नचे थॉमस स्टोक्स, बर्मिंगहॅमची हीटन पेढी आणि लंडनचे डब्ल्यू. जे. टेलर ही तिन्ही नावे माझ्या विचारात आहेत. टेलर यांनी संग्राहकांसाठी भलत्याच साच्यांच्या जोड्या लावूनही टोकने पाडली होती. माझे टोकन चांगलेच झिजलेले असल्याने ते प्रत्यक्ष हातोहात फिरले असावे आणि तशा खास जोड्यांपैकी नसावे, असे माझे मत आहे. हा तर्क पुरेसा आहे का? अ‍ॅनंड, स्मिथ यांच्या टोकनावर ब्रिटानिया (ब्रिटनचे प्रतीक असलेली स्त्रीमूर्ती) आहे आणि हाइड अँड डी कार्ल यांच्या टोकनावर उभी न्यायदेवता आहे, म्हणून मेलबर्नच्या या दोन किराणा पेढ्या मी वगळल्या आहेत. कांगारू-एमूची ढाल वापरणारे मेलबर्नचे इतर किराणा दुकानदार कोणाला माहीत असल्यास कृपया नावे कळवावीत. ढालीवरच्या बारकाव्यांवरून किंवा साच्याला गेलेल्या तड्यांच्या खुणांवरून कारागीर ओळखण्याची पद्धत कोणी वापरली असेल, तर तीही समजावून सांगावी.

दुसरा प्रश्न जतनाचा आहे. कडेला दोन ठिकाणी फिकट हिरवी भुकटी धरली आहे आणि ती पुसली तरी पुन्हा येते, म्हणजे हा साधा कळंक नसून धातू आतून खाणारा गंज असावा. चिंच, लिंबू किंवा पितांबरी लावण्याचा सल्ला कृपया देऊ नये. त्याने वरचा तपकिरी थर जाईल आणि तिरक्या उजेडात अजून पुसट दिसणाऱ्या अक्षरांच्या कडाही जातील. ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून, पूर्ण सुकवून, कोरड्या डबीत ठेवण्याचा अनुभव कोणाला आहे का? पाणी किती दिवसांनी बदलावे आणि गंज थांबला हे कशावरून ओळखावे? तिरक्या उजेडात चारही दिशांनी काढलेली छायाचित्रे माझ्याजवळ तयार आहेत. ज्यांना अक्षरे लावून पाहायची असतील त्यांनी तसे कळवावे, मी ती लगेच येथे देईन.