लिलावातलं टिळकांचं पत्र आणि मोडी कागदांचा गठ्ठा: बोलीआधी काय तपासावं आणि पावसाळ्यात कुठं ठेवावं?

हर्णैकर विचारतात:

नमस्कार मंडळी. मुंबईतल्या एका लिलावात दोन लॉट आहेत. पहिला लॉट म्हणजे लोकमान्य टिळकांचं सहीचं मराठी पत्र, एक पान, सोबत पाकीट. कॅटलॉगमध्ये तारीख '१९१० च्या सुमारास' अशी दिली आहे. दुसऱ्यात एका खोत घराण्याचे चाळीसेक मोडी कागद आहेत आणि त्यातला एक 'शिवकालीन, सहीसह' असल्याचं म्हटलं आहे. दोन्हींचे फक्त फोटो दिसतात. सगळा खर्च धरून बजेट एक लाख.

खरेखोटेपणा फोटोवरून कितपत कळतो? हातोड्याच्या भावावर, म्हणजे शेवटच्या बोलीवर, आणखी काय द्यावं लागतं? आणि घर चिरेबंदी, समुद्र जवळ, तेव्हा जून ते सप्टेंबर हे कागद ठेवायचे कसे?

दौत_लेखणी:

सही सगळ्यात शेवटी बघा. आधी तारीख, मग कागद, मग शाई.

तारखेलाच मोठी अडचण आहे. टिळकांना जुलै १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते मंडालेहून सुटून पुण्यात आले जून १९१४ मध्ये. म्हणजे १९१० चं पत्र असेल तर ते तुरुंगातलं हवं आणि मजकुरातून, पाकिटावरून ते दिसायला हवं. पुण्याहून लिहिलेलं साधं कामकाजाचं पत्र १९१० चं असूच शकत नाही. एक तर कॅटलॉग लिहिणाऱ्यानं तारीख अंदाजानं टाकली आहे किंवा पत्र खोटं आहे. आतली तारीख वाचल्याशिवाय पुढं जाऊ नका. असाच तपास इतरांच्या बाबतीतही करता येतो. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध होते, तेव्हा त्या काळातलं नागपूरच्या शिक्क्याचं त्यांचं पत्र दिसलं तर थांबायचं.

पाकिटावरचं तिकीट कुठल्या राजाचं? सातव्या एडवर्डची तिकिटं १९०२ पासून, पाचव्या जॉर्जची १९११ पासून. पत्र आणि पाकीट मुळात एकत्र होते का, हे घड्यांवरून कळतं. घडी घातलेलं पत्र पाकिटात दोन-तीन मिलिमीटरची जागा ठेवून सहज बसलं पाहिजे. पाकिटावर ओलीचा डाग असेल तर तो पत्रावरही त्याच जागी, थोडा फिका, उतरलेला असतो.

लिलावगृहाकडे चार फोटो मागा: दोन्ही बाजूंचा ६०० डीपीआय स्कॅन, तिरप्या उजेडातला, मागून उजेड देऊन काढलेला आणि अतिनील दिव्याखालचा. तिरप्या उजेडात निबाचे आणि बॉलपेनचे दाब वेगळे दिसतात. बॉलपेन बाजारात आलं १९४५ नंतर आणि टिळक गेले १९२० मध्ये. मागून उजेड दिला की गिरणी कागदाचा जलचिन्ह-छाप दिसतो, त्यात कधीकधी सालही असतं. अतिनील दिवा ३६५ नॅनोमीटरचा हवा. ३९५ चे स्वस्त टॉर्च इतका जांभळा उजेड टाकतात की काही उमगत नाही. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात साधारण १९५० नंतर वापरात आलेली पांढरेपणाची रसायनं आहेत, विषय संपला.

न चमकणं हा मात्र खरेपणाचा पुरावा नव्हे. बनावट करणारे जुन्या वह्यांची कोरी पानं वापरतात. तिथं शाई त्यांना उघडी पाडते. जुन्या कागदाची खळ (शाई पसरू न देणारा लेप) मेलेली असते, त्यामुळे नव्यानं लिहिलेली रेघ कडेनं केसासारखी फुटते. मुख्य जागा म्हणजे घडी. घडीवर कागदाचे तंतू तुटलेले असतात. आधी लिहून मग घडी घातली असेल तर शाई घडीवर झिजलेली, तुटलेली दिसते. घडीनंतर लिहिलं असेल तर शाई त्या चिरेत शिरून पसरते.

मग सही. दहापट भिंगाखाली नुसते ठिपके दिसले तर ती छापील. रेघेची सुरुवात आणि शेवट बोथट, जाडी सगळीकडे सारखी, मधेच विनाकारण लेखणी उचललेली असेल तर कोणीतरी हळूहळू गिरवलेली. जुळवायला त्याच पाचेक वर्षांतल्या सह्या घ्या, तीस वर्षांपूर्वीच्या नकोत.

आणखी एक गोष्ट विचारा: मजकूर त्यांच्या हातचा की लेखनिकाचा आणि खाली फक्त सही? दोन्हींच्या किमतीत मोठा फरक पडतो. कॅटलॉगमध्ये अशी एकच ओळ असते, ती नीट वाचा.

मोडी_वाचक_राजापूर:

दुसऱ्या लॉटबद्दल लिहितो. 'शिवकालीन, सहीसह' हे शब्दच मला खटकतात. शिवरायांची पत्रं कारकुनांनी लिहिलेली आहेत. खरेपणा सहीवर नव्हे तर शिक्क्यामोर्तबावर ठरतो. वर 'प्रतिपच्चंद्रलेखेव' ही मुद्रा आणि मजकूर संपल्यावर 'मर्यादेयं विराजते' हे मोर्तब. मोर्तबाचं काम मजकुराला शेवट घालणं हेच, म्हणून त्याच्या खाली वेगळ्या हातचा मजकूर असेल तर तो नंतरचा समजा. मायन्यात 'क्षत्रियकुलावतंस' आणि 'छत्रपती' असून तारीख १६७४ च्या आधीची असेल तर कागद बाजूला ठेवा, ते बिरुद राज्याभिषेकानंतरचं.

तारखेची फोड शिका, फार अवघड नाही. सुहूर सन (मोडी कागदांवरची जुनी कालगणना) अरबी शब्दांत, एककापासून लिहितात. 'सबा सबैन मया व अलफ' म्हणजे सात, सत्तर, शंभर आणि हजार: ११७७. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७६. हे वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होतं, म्हणून जानेवारी ते मेमधल्या कागदाला ६०० मिळवायचे. राज्याभिषेक शक (शिवरायांच्या राज्याभिषेकापासून मोजलेलं वर्ष) असेल तर १६७३ किंवा १६७४ मिळवायचे. दोन पद्धतींच्या तारखा एकाच कागदावर असतील आणि एकमेकींशी जुळत नसतील तर कारण शोधल्याशिवाय बोली नको.

चाळीस कागदांत बहुतेक साऱ्याच्या पावत्या, कर्जरोखे आणि हिशेबाचे तुकडे निघतात. १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्यानंतर या कागदांचं व्यवहारातलं काम संपलं आणि ते माळ्यावर पडले, त्यामुळे ते दुर्मिळ नाहीत. भाव येतो महजर (सभेतला निवाडा), कौलनामा (सरकारी अभयाचा किंवा अटींचा कागद), शिक्क्याची सनद यांना. त्यातही माथ्यावर 'नक्कल' लिहिलंय का पाहा. एकोणिसाव्या शतकात इनामाच्या चौकशीसाठी जुन्या सनदांच्या नकला निघाल्या, त्यातल्या काही गिरणीच्या कागदावर आहेत. मजकूर अस्सल, कागद मात्र शंभर वर्षांनी धाकटा. इतिहासाच्या अभ्यासाला ही नक्कल मोलाची असते, पण तिला मूळ सनदेचा भाव देऊ नका.

कोपऱ्यात पेन्सिलीनं रुमाल (दप्तरातला कापडात बांधलेला गठ्ठा) क्रमांक, खरवडलेला गोल शिक्का किंवा कापलेली कड दिसली तर कागद एखाद्या दप्तरातून किंवा ग्रंथालयातून गेलेला असू शकतो. असा लॉट कितीही मोहात पाडला तरी सोडा आणि लिलावगृहाला लेखी कळवा.

हातोडा:

खर्चाचं गणित. समजा बोली ४०,००० वर थांबली आणि खरेदीदाराचा प्रीमियम (लिलावगृह बोलीवर वेगळी घेतं ती रक्कम) २० टक्के. ४०,००० अधिक ८,०००, प्रीमियमवर १८ टक्के जीएसटीचे १,४४०, झाले ४९,४४०. वस्तूच्या भावावरचा जीएसटी, विमा आणि कुरिअर वेगळं. प्रत्येक लिलावगृहाचा प्रीमियम वेगळा असतो, नियमावलीतली ती कलमं आधी वाचा. एक लाख बजेट म्हणजे दोन्ही लॉटची हातोड्याची बेरीज ७५,००० च्या आत ठेवा.

कमाल आकडा ठरवून आदल्या दिवशीच लेखी बोली देऊन ठेवा. ऐनवेळी वीज किंवा नेट गेलं तर हातातला लॉट जातो. माल 'आहे त्या स्थितीत' विकला जातो, म्हणून स्थितीचा अहवाल बोलीआधी मागायचा, नंतर तक्रार चालत नाही.

कायदा: १९७२ च्या पुरावशेष कायद्यात सर्वसाधारण वस्तूंना शंभर वर्षं, पण ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाच्या हस्तलिखितांना ७५ वर्षांची मर्यादा आहे. दोन्ही लॉट तिच्यात येऊ शकतात. घरी बाळगायला हरकत नाही. हस्तलिखितात चित्रं असतील तर मात्र नोंदणी करावी लागते. धंदा म्हणून विकायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. परदेशातल्या भावाला भेट म्हणून कुरिअर केलं तरी तो गुन्हा आहे, किमान सहा महिने कैद.

दाभोळ_खाडी:

इतका विचार कशाला? लॅमिनेशन करून टाका, पाऊसपाणी, कसर, सगळ्याची चिंता मिटते.

कागद_जतन:

कृपा करून लॅमिनेशन करू नका. उष्णतेनं चिकटवलेलं प्लास्टिक कागदापासून सुखरूप सुटत नाही, आतली आम्लता आतच राहते आणि विक्रीची किंमत जवळपास संपते. सेलोटेपचंही तेच, पिवळा डाग कायमचा.

आपल्याकडे दोन शाया भेटतात आणि त्यांची दुखणी उलटी आहेत. मोडी कागदांवर बहुधा काजळ आणि डिंकाची शाई असते. ती उजेडात टिकते, पण ओलीनं डिंक सुटून पानं एकमेकांना चिकटतात. हिराकशीची (लोहक्षाराची) शाई तपकिरी होत जाते आणि दमट हवेत कागदच खाते, अक्षरांच्या जागी भोकं पडतात. जांभळी कॉपिंग पेन्सिल (ओलीनं जिची शाई होते ती) असेल तर पाण्याचा एक थेंबही नको. म्हणून घरी धुणं, पुसणं, इस्त्री काही नाही. दसऱ्यानंतर पुस्तकांना ऊन दाखवतात तसं या कागदांना दाखवू नका. सावलीत, वाऱ्यावर, डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या दिवसांत उघडा.

बुरशीला ६५ ते ७० टक्क्यांच्या वर आर्द्रता काही दिवस मिळाली की पुरते. आपल्याला हवी ४५ ते ५५. प्रत्येक पान आम्लविरहित फोल्डरमध्ये, पीव्हीसीच्या पिशव्या नकोत. फोल्डर रबर गॅस्केटच्या पॉलिप्रॉपिलीन डब्यात, सोबत ओल शोषणारं केशरी सिलिका जेल. मोठ्या पेट्यांना घनमीटरला २० किलो हे प्रमाण धरतात, त्या हिशेबानं ३० लिटरच्या डब्याला ६०० ग्रॅम. पण ताजं तापवलेलं जेल सगळं एकदम टाकलं तर आर्द्रता फार खाली जाऊन कागद कडकडीत होतो. आधी निम्मं टाका, आतला हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) बघा, मग वाढवा. मणी हिरवे झाले की १२० अंशांवर दोन तास तापवायचे.

हायग्रोमीटर स्वस्तातला असेल तर आधी तपासा. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ, त्यात ओलं होण्यापुरतं पाणी, आणि दोन्ही झिपच्या पिशवीत रात्रभर. ७५ दाखवायला हवं. ७९ दाखवलं तर नेहमी चार वजा करा.

डबा जमिनीवर नको, माळ्यावर नको, बाहेरच्या भिंतीला तर नकोच. चिरा पावसाळाभर ओल धरतो. माजघरात, आतल्या भिंतीपासून दहा सेंटिमीटर सोडून कपाट ठेवा. मोडी गठ्ठ्यात कसर किंवा तिची अंडी असणार हे धरूनच चला. गठ्ठा पॉलिथिनमध्ये हवा काढून बंद करा, उणे १८ ला दोन आठवडे, बाहेर काढल्यावर पूर्ण दिवसभर पिशवी उघडू नका, नाहीतर कागदावर दव धरतं. लाखेचा शिक्का असलेले कागद यातून वगळा, लाख तडकते. बुरशी या उपायानं मरत नाही, ती फक्त थांबते. डांबराच्या गोळ्या नकोत.

हर्णैकर:

मनापासून आभार. लिलावगृहानं स्कॅन पाठवला. पत्रात आत शके १८२७ आहे, पाकिटावर सातवा एडवर्ड, टपालाचा शिक्का पुसट आहे.

दौत_लेखणी:

मग चित्र बदललं. १८२७ मध्ये ७८ मिळवले की १९०५. पौष, माघ, फाल्गुनातलं पत्र असेल तर बहुधा ७९ धरून १९०६. टिळक तेव्हा पुण्यात होते आणि तिकीटही त्या काळाशी जुळतं. तिथीबरोबर वार लिहिला असेल तर त्या वर्षीच्या पंचांगाशी ताडून पाहा. पुसट शिक्का तिरप्या उजेडात आणि अतिनील दिव्याखाली पुष्कळदा वाचता येतो, तेवढे दोन फोटो अजून मागा. आणि '१९१०' ही तारीख चुकीची आहे हे लिलावगृहाकडून ईमेलवर मान्य करून घ्या, बिलावर दुरुस्त तारीख यायला हवी. पुढं कधी विकायचं झालं तर पत्रासोबत हे बिलच दाखवावं लागतं. बोलीच्या आदल्या दिवसापर्यंत तो ईमेल आला नाही तर पहिला लॉट सोडा.