मदत हवी आहे: जॅक रीचर कुठल्या क्रमाने वाचावा?

नमस्कार मंडळी. माझे बाबा बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतले झुंजार आणि काळापहाड वाचत मोठे झाले. सध्या त्यांना ली चाइल्डच्या इंग्रजी थरारकादंबऱ्यांतल्या जॅक रीचरने झपाटलंय. लष्करी पोलिसातून बाहेर पडलेला मेजर, ना घर ना सामान, खिशात घडीचा टूथब्रश, कपडे मळले की टाकून नवे घेणार. पण कुणावर अन्याय होताना दिसला की त्याचा पाय तिथून निघत नाही. बाबांना हेच फार भावतं.

आता अडचण. पहिली कादंबरी 'किलिंग फ्लोअर' १९९७ ची. पण २००४ ची 'द एनिमी' मागे १९९० च्या सुरुवातीला जाते, तेव्हा रीचर अजून लष्करात आहे. २०११ ची 'द अफेअर' तर पहिल्या पुस्तकाच्या थोडं आधी घडते. मग बाबांना प्रकाशनाच्या क्रमाने देऊ की कथेच्या काळाप्रमाणे? मला प्रकाशनाचा क्रम बरा वाटतो, कारण रीचरचा भूतकाळ हळूहळू उलगडण्यातच खरी गंमत आहे. तुमचा अनुभव काय?

२०२० पासून लेखकाचा भाऊ अँड्र्यूही लिहितोय. ती पुस्तकं तितकीच रंगतात का?

फ्लोरा फाउंटन आणि किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर या मालिकेतली सुटी पुस्तकं मिळतात, पण सलग नाहीत, आणि टाइप इतका बारीक की बाबांचे डोळे दुखतात. मुंबईत मोठ्या टाइपातल्या प्रती किंवा मराठी अनुवाद कुठे मिळतील? दादर-गिरगावकडची एखादी लायब्ररीही चालेल. कृपया सांगा.