कॅसोनी टेस्टची 'गांध' की 'चट्टा'? आणि पॉझिटिव्हचं काय करायचं?

नौपाडाकरीण: मंडळी, अडलंय. हायडॅटिडवरच्या, म्हणजे एका पट्टकृमीच्या (टेपवर्मच्या) पिल्लांमुळे शरीरात होणाऱ्या पाण्याच्या गाठींवरच्या, जुन्या लेखाचं भाषांतर करतेय. त्यात 1911 ची कॅसोनी टेस्ट आहे, म्हणजे जंताच्या गाठीतलं गाळलेलं पाणी हाताच्या कातडीत टोचायचं, दुसऱ्या हाताला नुसतं सलाइन, आणि वीसेक मिनिटांत काय उठतं ते बघायचं. मी लिहिलं 'गांध उठली तर पॉझिटिव्ह'. तपासणाऱ्या बाईंनी 'चट्टा' केलं आणि पुढे 'जंतसंसर्ग सिद्ध'. मला दोन्ही पटत नाहीये.

वाशीकर: गांधच! चट्टा सपाट असतो, गांध फुगते, बोट फिरवलं की कड लागते. गांधीलमाशी हा शब्दपण त्यावरूनच आला असणार.

ऐरोली_७: 'असणार'वर व्युत्पत्ती ठरत नाही हो. आमच्या घरी 'पित्त उठलं' म्हणतात, गांध हल्ली किती जणांना कळेल?

वाशीकर: कळत नाही म्हणून टाकून दिले तर शब्द उरणार किती?

कळव्याची लॅबवाली: गांध-चट्ट्याचं काहीही करा पण 'सिद्ध' आधी काढा ताई. दुसऱ्या पट्टकृमींची बाधा असली तरी ही टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते, ऑपरेशन करून गाठ काढली तरी पुढे कित्येक वर्षं येत राहते, आणि कधी गाठ असूनही येत नाही. शिवाय टोचल्यावर जोरदार ॲलर्जी उठायची भीती. म्हणून तर आता सोनोग्राफी आणि रक्तातली अँटिबॉडी बघतात. हत्तीरोगाच्या स्किन टेस्टचंही तेच, जुनी बाधा की आत्ताची हे कळतच नाही, म्हणून रात्री उशिरा रक्त घेऊन काचपट्टीवर जंतांची पिल्लं शोधायची. शरीराची त्या जंताशी किंवा त्याच्या भाऊबंदांशी कधीतरी गाठ पडली असावी, एवढंच गांध सांगते.

घोडबंदर_रोड: 'त्वचाचाचणी होकारार्थी' लिहा. स्किन टेस्ट, पॉझिटिव्ह कशाला हवंय मराठीत?

ऐरोली_७: होकार कशाला दिला पण? जंत आहेत याला, की कधी होते याला? पेशंट पहिलंच समजणार.

घोडबंदर_रोड: मग पॉझिटिव्ह वाचूनही तेच समजतो की.

नौपाडाकरीण: हे खरंय. 'प्रतिक्रिया आली' चालेल का? गांध तर मी ठेवतेच आहे.

कळव्याची लॅबवाली: प्रतिक्रिया सलाइनच्या हातालाही येते कधीकधी, टोचल्याचीच. दोन्ही हातांची तुलना वाक्यात आणा.

वाशीकर: अनेकवचन 'गांधी' करा बरं का, 'गांधा' नको.

ऐरोली_७: आमच्याकडे गांधाच म्हणतात.