ट्रेडमिल की सायकल: आईंसाठी घ्यायचं असेल तर

घरी व्यायामाला ट्रेडमिल घ्यावी की सायकल असं तुम्ही विचारलंय, आईंचे गुडघे दुखतात आणि घर वरच्या मजल्यावर (म्हणजे आवाज खालच्यांना जाणार) असंही लिहिलंय, मग इथं सगळेजण ट्रेडमिलच का सुचवालेत कळेना. त्यांच्यासाठी पाठीला टेकू असलेली मॅग्नेटिक, म्हणजे चुंबकानं पेडल जड-हलकं होणारी, व्यायामाची सायकलच बघा की. फ्रिक्शनवाल्यात पॅड चाकावर घासतो, आवाज येतो, पॅड झिजतो, मॅग्नेटिकमध्ये ती कटकटच नाही आणि बऱ्याच साध्या मॉडेलांना लाईट पण लागत नाही, आपल्याकडे पावसाळ्यात लाईट कशी जाते ते सांगायला नको. आईंना दुकानात घेऊन जाऊन बसवून बघा, पाय पूर्ण पुढं गेल्यावर गुडघा थोडासा वाकलेला राहिला पाहिजे, एकदम ताठ झाला तर सीट पुढं घ्यायची, आणि सीट तेवढी सरकतच नसेल तर ते मशीन सोडून द्या.

तुम्हाला स्वतःला पळायचंच असेल तर ट्रेडमिल घ्या, पण इथं कुणीतरी मोटर ४ एचपीची म्हटलंय तो पीक, म्हणजे थोडा वेळच मिळणाऱ्या जास्तीत जास्त ताकदीचा आकडा असू शकतो, कंटिन्युअस, म्हणजे सलग चालताना किती ते विचारा. पट्टा चालायला १२० सेंमी चालतो, पळायला १४० च्या आसपास हवा. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायच्या भानगडीत पडू नका. बेळगावजवळ खानापूर साईडला राहणाऱ्यांनी तर ओलीचा पण विचार करा, जून ते सप्टेंबर भिंतीला चिकटून ठेवलं की गंज आलाच.

आणि फक्त चालायचंच असेल तर बेळगावात टिळकवाडीचा व्हॅक्सिन डेपो, ते फिरायचं मैदान, आहेच की हो, सकाळी आईंना पण घेऊन जावा, सपाट जागा आहे, झाडं आहेत.