ख्यालासाठी स्पीकर सुचवा: एलएस५० मेटा की हार्बेथ पी३ईएसआर? शिवाय डग्गा घुमतोय

षड्जपंचम

नमस्कार मंडळी. माझं ऐकणं मुख्यतः ख्याल, त्याखालोखाल सरोद आणि नाट्यसंगीत. कोथरूडला जुन्या इमारतीत फ्लॅट आहे. ऐकायची खोली १४ बाय ११ फूट, छत साडेनऊ फुटांवर, भिंती विटांच्या, खाली फरशी. सध्या उंच टॉवर स्पीकर आहेत, ११ फुटी भिंतीच्या दोन कोपऱ्यांत, दर्शनी बाजू भिंतीपासून दोन फुटांवर. सोफा समोरच्या भिंतीला टेकलेला. ॲम्प (ॲम्प्लिफायर) ८५ वॉटचा. वडिलांच्या एलपींसाठी टर्नटेबलही आहे.

अडचण अशी: डग्ग्याचा प्रत्येक घिस्सा एकाच सुरात घुमतो. गायक काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज धरून) गात असतील तर तानपुऱ्याचा पंचम अंगावर येतो आणि षड्ज मात्र पातळ वाटतो. गायिकांचं गाणं तेवढं खटकत नाही. टॉवर काढून केईएफ एलएस५० मेटा किंवा हार्बेथ पी३ईएसआर घ्यावेत असं मनात आहे. दोन्ही दुकानात ऐकले, दोन्ही आवडले. बजेट अडीच लाख, अगदीच ताणलं तर तीन. सोबत ॲम्पही बदलावा का? जाणकारांनी सांगावं.

नादवेडा

खरेदी दोन आठवडे थांबवा. तुम्ही मापं दिलीत म्हणून नेमकं सांगता येतंय.

काळी एकचा षड्ज म्हणजे साधारण १३९ हर्ट्झ. तानपुऱ्याचा मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम १०४, खर्ज म्हणजे खालचा षड्ज ६९. आता खोली बघा. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये लाट उभी राहते, तिची वारंवारता म्हणजे ३४३ भागिले अंतराची दुप्पट (अंतर मीटरमध्ये). ११ फूट म्हणजे ३.३५ मीटर, त्याचे ५१ हर्ट्झ येतात आणि त्याचीच दुप्पट १०२. तुमचा पंचम बरोबर तिथे बसतो. डग्ग्याचाही बराच भाग याच पट्ट्यात आहे. १४ फुटांचे ४० आणि ८०. स्पीकर कोपऱ्यात असले की या सगळ्या लाटांना पुरेपूर बळ मिळतं, आणि भिंतीला टेकून बसलं की त्या सगळ्यात मोठ्या ऐकू येतात.

षड्जाचं कारण वेगळं आहे. स्पीकरमधून मागे जाणारा आवाज भिंतीवर आपटून परत येतो. दर्शनी बाजूपासून भिंतीपर्यंतचं अंतर ज्या सुराच्या लाटेच्या पाव असेल, तो सूर उलट्या कलेत (मूळ लाट वर असताना ही खाली) परत येऊन मूळ आवाजाला खातो. दोन फुटांना हा खड्डा १४० हर्ट्झच्या आसपास पडतो. म्हणजे गायकाचा सा तुमच्या खोलीत भिंत खातेय.

हे करून बघा, खर्च शून्य. प्रत्येक स्पीकरचा मध्य बाजूच्या भिंतीपासून २ फूट ९ इंचांवर आणा. ११ फुटांचा हा नेमका चौथा हिस्सा. १०२ हर्ट्झची लाट तिथे शून्यावर असते, त्यामुळे स्पीकर तिला जागं करू शकत नाही. दोन्हीकडे अंतर सारखं ठेवलंत तर ५१ची लाटही दोघं मिळून बरीचशी रद्द करतात. दर्शनी बाजू भिंतीपासून तीन फूट पुढे घ्या, खड्डा ९४ हर्ट्झकडे सरकेल आणि षड्ज मोकळा होईल. सोफा भिंतीपासून तीन फूट पुढे. मग आठवडाभर ऐका.

रोहिणी_ठाणे

नादवेडांशी पूर्ण सहमत. माझ्याकडे पी३ईएसआर आहेत, एलएस५० मेटा भावाकडे आहेत, त्यामुळे दोन्ही निवांत ऐकलेत.

एलएस५० मेटामध्ये उंच स्वरांचा ट्वीटर मुख्य कोनच्या बरोबर मध्यात असतो. एकाच बिंदूतून आवाज आल्यासारखा वाटतो, गायक कुठे बसलाय आणि तबला कुठे, हे स्वच्छ कळतं. मेंडोलिनसारखा झंकार, सरोदच्या जव्याचा (वाजवायच्या नखीचा) आघात यांत तो मला सरस वाटतो. पी३ईएसआरचं घराणं बीबीसीच्या एलएस३/५ए मॉनिटरचं. तो प्रक्षेपण व्हॅनच्या अरुंद जागेत माणसाचा आवाज तपासायला १९७०च्या दशकात तयार झाला. गळ्यातली आस, श्वास, आकारातून इकारात जाताना होणारा बदल हे पी३ईएसआरवर ऐकताना मी तासन् तास थकत नाही. अगदी खालचे सूर मात्र दोन्हींत मर्यादित आहेत. टॉवर ऐकून आल्यावर ती उणीव जाणवेलच.

व्हॉल्व्हप्रेमी

आहेत तेच स्पीकर ठेवा आणि व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांचा) ॲम्प घ्या. गाण्यात जीव येतो, हा माझा अनुभव आहे.

नादवेडा

व्हॉल्व्हचा गोडवा मलाही आवडतो, पण इथे नको. बहुतेक व्हॉल्व्ह ॲम्पचा आउटपुट रोध जास्त असतो, त्यामुळे स्पीकरचा रोध जिथे वरखाली होतो तिथे आवाजाचा तोलही वरखाली होतो. शिवाय तुमच्या मनातले स्पीकर कमी ताकदीच्या ॲम्पला अवघड आहेत: एलएस५० मेटाची संवेदनशीलता (एका वॉटला एक मीटरवर मिळणारा आवाज) ८५ डेसिबल, पी३ईएसआरची ८३.५. आठ फुटांवर बसून, दोन्ही स्पीकर धरून, एका वॉटला साधारण ८० डेसिबल मिळतील. ख्याल आपण ७५च्या आसपास ऐकतो, तानेच्या टोकाला दहा-पंधरा डेसिबल जास्त. तुमचे ८५ वॉट त्याला भरपूर झाले. ॲम्पचे पैसे वाचवा. वायरही साधी २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची पुरे.

षड्जपंचम

सांगितलंत तसं सगळं हलवलं. पंचम जागेवर आला, डग्ग्याचे बोल वेगवेगळे ऐकू येतात, षड्जात भरीवपणा आलाय. मनापासून आभार. पण टॉवर तीन फूट पुढे म्हणजे खोलीत चालायला जागा नाही, घरच्यांना ते मान्य नाही. लहान स्पीकर भिंतीजवळ ठेवावे लागणार. मग कोणते?

नादवेडा

मग उत्तर सोपं आहे: हार्बेथ. एलएस५० मेटाची पेटी साधारण २८ सेंमी खोल आणि पोर्ट (हवा आत-बाहेर होण्याचं भोक) मागे. त्याला मागे श्वास घ्यायला जागा द्यावी लागते, म्हणजे दर्शनी बाजू ४० सेंमीच्या पुढे. तिथे खड्डा २१४ हर्ट्झला पडतो, गायिकांच्या काळी चारचा षड्ज २०८ला आहे. आज जे गाणं खटकत नाही तेच बिघडेल. पी३ईएसआर जेमतेम २० सेंमी खोल, पेटी पूर्ण बंद. दर्शनी बाजू ३० सेंमीवर ठेवता येते. खड्डा २८५ हर्ट्झच्या वर जातो आणि तिथे १० सेंमी जाडीचं रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी तंतूंची लादी) चांगलं काम करतं. घनमीटरला ४८ किलो घनतेच्या लाद्या सुती कापडात शिवून स्पीकरमागे लावा. भिंतीजवळ असल्याने खालचे सूरही थोडे भरतात. जागा मोकळी असती तर मी एलएस५० मेटा म्हणालो असतो.

रोहिणी_ठाणे

एलपींबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. वडिलांच्या तबकड्या साठच्या दशकातल्या असतील तर बऱ्याच मोनो (दोन्ही स्पीकरना एकच आवाज देणाऱ्या) असतील. ॲम्पवर मोनोचं बटण असेल तर त्या वाजवताना जरूर दाबा. मोनो खाचेत संगीत फक्त आडव्या हालचालीत असतं, धूळ-ओरखड्यांचा बराच आवाज उभ्या हालचालीतून येतो आणि दोन चॅनेल एकत्र केले की तो रद्द होतो. तानपुरा एकदम स्वच्छ होतो. आणि ७८च्या तबकड्या एलपीच्या सुईने वाजवू नका, त्यांची खाच रुंद असते, तिला ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वेगळी सुई लागते.

नादवेडा

घरी डेमो मागा, दोन्ही जोड्यांचा. तुलना करताना दोन्हींचा आवाज समान करा: पिंक नॉइज (मोजमापासाठी वापरतात तो सगळ्या सुरांचा खरखराट) लावून सोफ्यावर मायक्रोफोनने मोजा, फरक ०.२ डेसिबलच्या आत हवा. किंचित मोठा वाजणारा स्पीकर कानाला नेहमी चांगला वाटतो, दुकानातल्या निवडी इथेच चुकतात. मोजायचं रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर मोफत आहे, मायक्रोफोन माझा घेऊन जा, कर्वेनगरलाच असतो. आणि ऐकायला विलंबितपासून सुरुवात करा, द्रुतात सगळेच स्पीकर छान वाटतात.