फेस कमी आला म्हणून शाम्पू ओतू नका
लेकरांच्या टबातल्या फेसाच्या अंघोळीत फेस कमी वाटला तर आणखी झाकणभर शाम्पू टाका असं कुणीतरी सुचवलंय, ते काही पटलं नाही. आमच्या परभणीकडं बोअरचं पाणी जड. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळं साबणाचा फेस होतच नाही, नुसता पांढरा चोथा तरंगतो. शाम्पूचा त्यातल्या त्यात बरा होतो, पण जास्त झाला की लेकरांची कातडी कोरडी पडते, मुलींना तर लघवीच्या जागी आग होते. मी तांब्याभर फिल्टरच्या पाण्यात चमचाभर बेबी शाम्पू टाकून ताकाच्या जुन्या रवीनं घुसळते आणि तो फेस वरून टबात सोडते. नातीला टबापेक्षा रवीचंच वेड! फेसाच्या मिशा लावून आजोबांना दाखवायला हाका मारत बसते.

लेकरू टबात बसल्यावर पाणी त्याच्या बेंबीच्या खालीच हवं. आधी गार, मग गरम, आणि कोपर बुडवून बघायचं. दहा मिनिटं झाली की साध्या पाण्यानं धुऊन बाहेर. फेसाखालचं काही दिसत नाही, तेव्हा जवळून हलायचं नाही. फोन वाजला तर वाजू दे. टँकरच्या दिवसांत टब बंद, घमेल्यात नुसता फेस.