घरामागे कायोटी येतोय, छोट्या कुत्रीचं काय करू?

नेपरविलची_सून:
नमस्कार मंडळी. आम्ही शिकागोच्या सबर्बमध्ये राहतो, घरामागे तळं आणि त्याला लागून ट्रेल. गेल्या आठवड्यापासून संध्याकाळी बर्फीला (शित्झू, जेमतेम साडेपाच किलो) फिरवायला काढलं की एक कायोटी (कोल्ह्या-लांडग्यांच्या कुळातला इथला जंगली प्राणी) मागे मागे येतो. भुंकत नाही, अंगावर येत नाही, आपण थांबलो की तोही थांबतो आणि नुसता बघत राहतो. सासूबाई साताऱ्याहून आल्यात, त्या म्हणतात कोल्ह्यासारखाच तर आहे, हाड म्हण जाईल. शेजारी म्हणतो पिंजरावाल्याला बोलवा. पाच वर्षांचा मुलगाही बरोबर असतो हो, माणसांवर येतात का हे?

जुना_शिकागोकर:
सासूबाईंचं बरोबर आहे, हाडच म्हणायचं, फक्त पार गल्लीला ऐकू जाईल असं. बर्फीला उचलून घ्या, मुलाला जवळ घ्या, तोंड त्याच्याकडेच ठेवा, हात वर करून ओरडा, त्याच्या आसपास खडे फेका. पाठ फिरवून पळायचं नाही. आणि तो दिसेनासा होईपर्यंत ओरडणं थांबवायचं नाही, अर्ध्यात सोडलंत तर त्याला कळतं की ही बाई नुसतीच ओरडते.
फेब्रुवारी चालू आहे, म्हणजे त्यांचा जोडीचा सीझन. एप्रिल-मेच्या सुमारास पिल्लं होतात, मग बिळाजवळून कुत्रं गेलं की ते सोडायला आल्यासारखे मागे येतात, कधी धावूनही येतात. तेव्हा ट्रेल बदला. लीश सहा फुटी साधी घ्या, ती ताणत जाणारी नको.
माणसांचं म्हणाल तर अमेरिका आणि कॅनडा मिळून माणूस दगावल्याच्या नोंदी दोनच आहेत, 1981 मध्ये कॅलिफोर्नियात ग्लेनडेलला तीन वर्षांची मुलगी आणि 2009 मध्ये कॅनडात केप ब्रेटनला 19 वर्षांची तरुणी. पाळीव कुत्र्यांमुळे इथे दर वर्षी डझनांनी माणसं जातात. मुलाला एकटं सोडू नका एवढंच. इथे शिकागोत 2000 पासून कायोटींना रेडिओ कॉलर लावून अभ्यास चालू आहे, अगदी डाउनटाउनजवळही राहतात ते. खातात मुख्यतः उंदीर, ससे, फळं, आणि तुमच्या तळ्यावरच्या त्या गीझची (रानहंसांची) अंडी. त्याबद्दल मी तरी त्यांचे आभारच मानतो.
एक विचारतो, अंगणात खायला काही ठेवता का?

आर्वाइनवाला:
आभार वगैरे ठीक आहे पण आमची मांजर गेली तेव्हापासून मला काही कौतुक नाही. सहा फुटी कुंपण आहे, त्यावर पाय देऊन आत आला. आता कुंपणावर फिरणारा रोलर बसवलाय, पंजा ठेवला की घसरतो. तरी कुत्र्याला अंगणात एकटं सोडत नाही, रात्री तर नाहीच. पकडून लांब सोडा म्हणणाऱ्यांनो, सोडलेला तिथे टिकत नाही आणि इकडच्या रिकाम्या जागेत दुसरा येतो.

हिल_कंट्रीकर:
ऑस्टिनच्या बाहेरून लिहितोय. आमच्या शेजाऱ्याच्या बकऱ्या आहेत, करडं झाली की कायोटी हमखास फिरकणार, आधी तो बंदूक घेऊन बसायचा पण एक जोडी मारली की दुसरी यायची. आता दोन ग्रेट पायरेनीज ठेवलेत, पिल्लू असल्यापासून बकऱ्यांतच वाढलेले. आपल्याकडे धनगरांची कुत्री लांडग्यापासून मेंढरं राखतात तेच काम. रात्रभर भुंकतात, आमची झोप गेली ती वेगळी. शिवाय एक गाढव आहे. एकच ठेवायचं हं, दोन ठेवली की ती एकमेकांतच रमतात आणि बकऱ्यांकडे ढुंकून बघत नाहीत.

नेपरविलची_सून:
सगळ्यांना थँक्यू. @जुना_शिकागोकर, आता काय सांगू, उरलेली पोळी आणि भात रोज मागच्या पायरीवर खारींसाठी ठेवला जातो, अन्न टाकायचं नाही म्हणून.

जुना_शिकागोकर:
मग आजपासून बंद. पोळी तो स्वतः खाईल नाहीतर पोळी खायला आलेले ससे-उंदीर खाईल, त्याला दोन्ही चालतं. बर्ड फीडरखाली सांडलेले दाणेपण झाडून टाका. ओरडून त्याला घालवायचं आणि मागच्या दारी ताट मांडायचं, हे दोन्ही एकदम कसं चालेल? सासूबाईंना म्हणावं फोडणीची पोळी करू. आणि बर्फीला रेबीजबरोबर लेप्टोची लस दिलीये का ते व्हेटला विचारा, तळ्याकाठी जाता ना रोज.